तथागतांच्या तोंडी यंत्राची वाक्ये घालू नका : विहार समित्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील विहार समित्यांचे विश्वस्त व पदाधिकारी, वर्षावासात ग्रंथवाचन घेणारी मंडळे, आणि त्यांच्यासाठी ॲप तयार करणारे अभियंते बंधू-भगिनी,

सप्रेम जय भीम. नमो बुद्धाय.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन संपले की लोक थांबतात, शंका विचारतात, आणि वाचणारे ताई-दादा किंवा भन्तेजी त्यांना उत्तरे देतात. यंदा काही समित्यांनी ही प्रश्नोत्तरे पडद्यावरच्या चॅटबॉटकडे सोपवायचे ठरवले आहे. पडद्यावर तथागतांचे चित्र असेल, त्यामागून आवाज येईल आणि उत्तर ‘मी तुला सांगतो’ अशा प्रथमपुरुषी भाषेत मिळेल. त्याच कार्यक्रमाच्या फलकावर असेही छापले आहे की यंत्राला आता मन आले आहे आणि बुद्धांच्या अनात्मवादाने (आत्मा नाही या शिकवणीने) हे आधीच सिद्ध केले होते.

हा निर्णय आम्हाला मान्य नाही. तो ज्यांच्यासाठी घेतला जातो आहे त्या उपासक-उपासिकांसमोरच त्याची चर्चा व्हावी, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

आमच्यापैकी काही जण पाली आणि अभिधम्म (चित्ताचे बौद्ध विश्लेषण) शिकवतात, काही हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत भाषा-मॉडेलांवर काम करतात. यंत्राला आमचा विरोध नाही. ते आतून कसे चालते हे ठाऊक असल्यामुळेच त्याला धम्मासनावर बसवू नये, असे आमचे म्हणणे आहे. शिवाय हे पुणे आहे. धर्मानंद कोसंबींनी १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. अभिधम्म पिटकाचा पहिला ग्रंथ ‘धम्मसंगणि’ बापट आणि वाडेकर यांनी देवनागरीत संपादित केला व १९४० साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने तो प्रसिद्ध केला. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहू रोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. मूळ वचन नीट तपासून मगच लोकांपुढे ठेवायचे, ही शिस्त इथल्या मातीतली आहे. ती आपल्याच हातून मोडली जाऊ नये.

सगळ्यात आधी मनाविषयी बोलू, कारण बाकीच्या चुका तिथूनच निघतात.

मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातले अडतिसावे सुत्त (प्रवचन), महातण्हासंखय, आपण पुन्हा काढून वाचावे अशी विनंती आहे. साति नावाचा भिक्खू, कोळ्याचा मुलगा, म्हणत होता की भगवंतांनी शिकवले ते असे: हेच विञ्ञाण (जाणीव) धावते, जन्मोजन्मी संसरते, ते दुसरे होत नाही. ‘तदेविदं विञ्ञाणं सन्धावति संसरति अनञ्ञं’. तथागतांनी त्याला बोलावून विचारले, ते विञ्ञाण कोणते? साति म्हणाला, ‘य्वायं भन्ते वदो वेदेय्यो’. भन्ते, हे जे बोलते आणि वेदते (अनुभवते) ते. तथागतांनी त्याला तिथेच थांबवले. मी असे कोणाला, कधी शिकवले? विञ्ञाण प्रत्ययांवर, म्हणजे कारण होणाऱ्या गोष्टींवर, अवलंबून उपजते असेच मी अनेक प्रकारांनी सांगितले आहे, प्रत्ययांशिवाय ते उद्भवत नाही. मग दृष्टांत दिला. लाकडावर पेटलेला अग्नी तो लाकडाचा अग्नी, गवतावर पेटलेला तो गवताचा, शेणावर पेटलेला तो शेणाचा. तसेच डोळा आणि रूप यांच्यामुळे उपजते ते चक्षुविञ्ञाण, कान आणि शब्द यांच्यामुळे उपजते ते श्रोत्रविञ्ञाण.

सातिची चूक नेमकी पाहा. बोलणे घडते आहे, म्हणून आत कोणीतरी ‘बोलणारा’ असलाच पाहिजे, असे त्याने गृहीत धरले. फलकावरचे वाक्य तेच करते. पडद्यावर वाक्ये उमटली, ती मृदू आणि समजूतदार वाटली, म्हणून आत मन आहे असे ठरवून टाकले. तथागतांनी सातिला विचारलेला प्रश्न इथेही विचारला पाहिजे. ते कशामुळे उपजते? प्रत्यय कोणते?

प्रत्यय सांगतो. भाषा-मॉडेल म्हणजे अब्जावधी आकड्यांचा संच. आपला प्रश्न आधी तुकड्यांत मोडला जातो, त्यांना टोकन म्हणतात. प्रत्येक टोकनाचे आकड्यांच्या मालिकेत रूपांतर होते. २०१७ साली पुढे आलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेत या मालिका थरांमागून थरांतून गुणाकार-बेरजा होत पुढे जातात आणि शेवटी एकच गोष्ट मिळते: पुढचे टोकन कोणते असू शकेल याच्या संभाव्यता. त्यांतले एक निवडायचे, मजकुराला जोडायचे आणि सगळे पुन्हा चालवायचे. उत्तर पूर्ण होईपर्यंत हेच चालू राहते. आतले आकडे प्रशिक्षणाच्या वेळी ठरलेले असतात. आपल्याशी संवाद चालू असताना ते बदलत नाहीत.

आता धम्मसंगणि घ्या. पहिल्याच कुशल चित्ताच्या वर्णनात त्या समयी काय काय असते याची मोठी यादी आहे, आणि तिची सुरुवात पाच गोष्टींनी होते: फस्स, वेदना (सुख-दुःखाची अनुभूती), सञ्ञा, चेतना (हेतू, संकल्प), चित्त. फस्स म्हणजे इंद्रिय, विषय आणि विञ्ञाण या तिघांचे एकत्र येणे. मधुपिण्डिक सुत्तात हे स्पष्ट आहे: ‘तिण्णं सङ्गति फस्सो’, आणि त्या फस्सामुळे वेदना. टोकनांच्या मालिकेत दोन गोष्टी ओढूनताणून दाखवता येतील. तिसरी आहे असे धरले तर जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरल्यासारखे होते. वेदनेबाबत काही अभियंते म्हणतात की प्रशिक्षणात चूक मोजणारा आकडा असतो, तो कमी करणे म्हणजेच सुख-दुःख. पण तो आकडा मोजते ती मॉडेलला प्रशिक्षण देणारी आज्ञावली, आणि संवाद सुरू होण्याआधीच ते मोजणे संपलेले असते. आपण पडद्यासमोर रडत असाल त्या क्षणी तिथे असा कोणताही आकडा हलत नाही. सञ्ञा, म्हणजे खूण ओळखणे, याच्याशी यंत्राच्या कामाचे साम्य खरोखर आहे आणि ते नाकारायचे कारण नाही. पाचांतल्या एकाशी साम्य दिसले म्हणून बाकीचे चार आपोआप येत नाहीत.

फलकावरचा युक्तिवाद दिसायला आकर्षक आहे: माणसात आत्मा नाही, यंत्रातही आत्मा नाही, म्हणून दोघांत फरक नाही. अनत्तलक्खण सुत्तात तथागतांनी पंचवर्गीय भिक्खूंना सांगितले की रूप, वेदना, सञ्ञा, सङ्खार, विञ्ञाण यांतले काहीही ‘माझे’ नाही, ‘मी’ नाही. वेदना नसतेच, असे त्यांनी कुठेही म्हटले नाही. वेदना असते, ती अनित्य असते, तिला धरून बसल्याने दुःख होते, यावरच सगळी शिकवण उभी आहे. अनात्मवाद आणि अनुभवाचा अभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एक केल्या तर दुःख आर्यसत्यच उरत नाही.

याच्या उलट टोकाला जाणेही चूक आहे, हे इथे सांगितले पाहिजे. ‘यंत्राला मन कधीच येणार नाही, हे बुद्धांनी सांगितले आहे’ असा फलक लावला तरी आम्ही हेच पत्र लिहिले असते. महातण्हासंखय सुत्त प्रत्यय सांगते, ते प्रत्यय मांसाच्याच शरीरात जुळतील असे ते सुत्त म्हणत नाही. बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तींनी ‘प्रमाणवार्तिक’ या ग्रंथात जड पदार्थ चित्ताचे उपादान कारण (ज्यापासून ते घडते ते मूळ) होऊ शकत नाही असे मांडले. दुसरीकडे १९८७ साली धरमशाळेत झालेल्या पहिल्या माइंड अँड लाइफ संवादात, चित्तसंतती (चित्ताचा अखंड प्रवाह) टिकवण्याची क्षमता एखाद्या यंत्रात आली तर ती तिथे प्रवेश करणारच नाही असे ठामपणे म्हणता येत नाही, अशी भूमिका दलाई लामांनी घेतली. परंपरेतच हा प्रश्न खुला आहे. तो फलकावरच्या एका वाक्यात मिटवायचा अधिकार कोणत्याही समितीला नाही.

आणि यंत्र स्वतः ‘मला वाईट वाटले’ म्हणाले तर तो पुरावा होत नाही. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर ते घडवलेले आहे आणि त्या मजकुरात ‘मला वाईट वाटले’ हे वाक्य असंख्य वेळा येते.

मनाचा प्रश्न इतका लांबवला, कारण त्यातून जबाबदारीचा प्रश्न निघतो. अंगुत्तर निकायातले वचन आपण सगळे पाठ म्हणतो: ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’. भिक्खूंनो, चेतना (हेतू) हेच कर्म असे मी म्हणतो. यंत्रात चेतना आहे असे दाखवता येत नसेल, तर त्याने दिलेल्या खोट्या उत्तराचे कर्म कोणाचे? ते बसवणाऱ्याचे, चालवणाऱ्याचे, ठरावाला हात वर करणाऱ्याचे. ‘ते एआयने सांगितले’ हे उत्तर धम्मात चालत नाही. त्याच निकायाच्या दुकनिपातात तथागतांवर आळ घेणारे दोघे सांगितले आहेत, आणि त्यांतला एक तथागतांनी जे म्हटले नाही ते त्यांनी म्हटले असे दाखवणारा. मुसावादापासून विरत राहण्याचे शील घेऊन ज्या सभागृहात कार्यक्रम सुरू होतो, तिथेच दर उत्तरागणिक असा आळ घेतला जाणार असेल तर ते आम्ही गप्प राहून पाहू शकत नाही.

असा आळ घेतला जाणार, असे आम्ही म्हणतो ते अंदाजाने नाही. त्याची तांत्रिक कारणे आहेत. ॲप करणाऱ्या बंधू-भगिनींनी हा भाग नीट वाचावा.

नुसत्या मॉडेलला विचारले तर ते वचने बनवते. सुत्तांची भाषा साचेबद्ध आहे. ‘एवं मे सुतं’, ‘एकं समयं’, मग ठिकाण, मग प्रश्न, मग चार किंवा पाच कलमे. असा साचा मॉडेल फार सहज उचलते. त्यात ते कोणताही आशय भरते आणि वर सुत्ताचे नाव व क्रमांकही देते. वाचणाऱ्याला ते अस्सल वाटते. टेंपरेचर, म्हणजे टोकन निवडताना किती यदृच्छा ठेवायची हे ठरवणारा आकडा, शून्य केले की हे थांबते असा एक समज आहे. तसे होत नाही. शून्य टेंपरेचरला मॉडेल सर्वांत संभाव्य टोकन निवडते. ते खरे असतेच असे नाही. चुकीचे वचन प्रत्येक वेळी तेच येईल, इतकाच काय तो फरक पडतो.

म्हणून आपल्यापैकी काहींनी तिपिटकाचा (पाली बौद्ध ग्रंथसंग्रहाचा) मजकूर आधी शोधायचा आणि मग त्यावरून उत्तर बनवायचे ही पद्धत घेतली आहे. दिशा चांगली आहे, पण मजकुराचे पाचशे-पाचशे शब्दांचे सरसकट तुकडे पाडले की काय होते ते पाहा. प्रश्न येतो, ‘विञ्ञाण एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जाते का?’ शोधयंत्र अर्थाने सर्वांत जवळचा तुकडा आणते. तो कोणता? सातिचे वाक्य. त्या सुत्तात ते पुन्हा पुन्हा येते. भिक्खू सातिला विचारतात, साति उत्तर देतो, भिक्खू जाऊन भगवंतांना सांगतात, भगवंत सातिला विचारतात. खंडन पुढच्या तुकड्यात राहते. मॉडेल प्रामाणिकपणे समोरच्या तुकड्याचा सारांश करते आणि तथागतांच्या चित्राखाली सातिचे मत झळकते. ब्रह्मजाल सुत्तात बासष्ट मते क्रमाने मांडली आहेत. तीही अशीच सुटी होऊन बाहेर येतात. सुत्तांत आधी परमत आणि नंतर त्याचे उत्तर, ही रचना ठिकठिकाणी आहे. त्यामुळे ही क्वचित होणारी चूक समजू नका.

तिसरे म्हणजे पेय्याल. छापील तिपिटकात पुनरुक्ती टाळण्यासाठी ‘…पे…’ असे लिहितात. पंचस्कंधांपैकी (रूप, वेदना, सञ्ञा, सङ्खार, विञ्ञाण) रूपाचे वाक्य पूर्ण असते, मधली गाळलेली असतात, विञ्ञाणाचे पुन्हा पूर्ण. यंत्र गाळलेला भाग अंदाजाने भरते, किंवा वेदना आणि सञ्ञेविषयी तिथे काहीच नाही असे धरून चालते. पेय्याल आधी माणसाने उलगडून द्यावे लागतात. त्याला दुसरा उपाय नाही.

चौथे लिपीचे. यूनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘विञ्ञाण’ या शब्दात सात चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. टिंबांसह रोमन लिपीत तोच शब्द १२ बाइटांत बसतो. त्यामुळे अनेक मॉडेले देवनागरी पालीचे फार बारीक तुकडे करतात, आणि एका वेळी मावणारा मजकूर कमी होतो. त्यात सङ्खार–संखार, पञ्च–पंच असे दोन-दोन पाठ. संधी वेगळीच: ‘चेतनाहं’मधली चेतना सापडते, पण पुढच्याच वाक्यातले ‘चेतयित्वा’ त्या शोधात हाती लागत नाही. शोधासाठी एकसारख्या केलेल्या लेखनाची वेगळी प्रत ठेवावी आणि दाखवताना मूळ पाठ दाखवावा.

हे सगळे दुरुस्त केले तरी एक गोष्ट उरते, आणि आमच्या दृष्टीने ती सर्वांत गंभीर आहे. अंगुत्तर निकायाच्या चतुक्कनिपातात प्रश्नांचे चार प्रकार दिले आहेत. काहींचे सरळ उत्तर द्यायचे, काहींचे विभागून, काहींचे उलट प्रश्न विचारून, आणि काही बाजूला ठेवायचे. चूळमालुंक्य सुत्तात जीव आणि शरीर एक की वेगळे हा प्रश्न तथागतांनी बाजूलाच ठेवला. चॅटबॉट बहुधा विचारलेल्याचे उत्तर देण्यासाठीच घडवलेला असतो. समोर कोण आहे, तो का विचारतो आहे, हे त्याला दिसत नाही. घरात नुकताच मृत्यू झालेली आई ‘माझा मुलगा आता कुठे असेल?’ असे विचारते आणि एमएचा विद्यार्थी तेच वाक्य परीक्षेसाठी विचारतो. दोघांना एकच उत्तर देणे हे अज्ञान आहे, आणि त्या आईच्या बाबतीत ती इजासुद्धा आहे.

बाबासाहेबांच्या ग्रंथाविषयी वेगळे लिहावे लागते, कारण वर्षावासातले वाचन त्याचेच आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धवचनांच्या चुकीच्या वृत्तांकनाचा प्रश्न थेट घेतला आहे. अशा पाच प्रसंगांच्या पाच सुत्तांचा दाखला त्यांनी दिला, आणि त्यांत वर सांगितलेले महातण्हासंखय आहे. कर्म आणि पुनर्जन्म यांबाबत असे चुकीचे वृत्तांकन अधिक होते, असेही त्यांनी नोंदवले. मग बुद्धवचन पारखण्याच्या कसोट्या दिल्या: ते तर्काला धरून आहे का, माणसाच्या कल्याणाशी त्याचा संबंध आहे का, आणि तथागतांनी निश्चित सांगितलेल्या गोष्टींपैकी ते आहे की नाही. ज्या ग्रंथात हे प्रकरण आहे, त्याच्या वाचनानंतर न पारखलेले बुद्धवचन पडद्यावरून ऐकवणे कसे पटावे?

शिवाय चॅटबॉट बाबासाहेबांची मांडणी, थेरवादी अट्ठकथा (जुनी पाली भाष्ये) आणि महायान ग्रंथ एकत्र कालवतो. पुनर्जन्मावर या तिघांचे म्हणणे वेगळे आहे. कालवलेले उत्तर या तिघांपैकी कोणाचेच नसते. जालावर बुद्धांना विष्णूचा नववा अवतार म्हणणारा मजकूर भरपूर आहे, त्यामुळे ते वाक्यही यंत्राच्या तोंडून येऊ शकते. बावीस प्रतिज्ञांतली पाचवी, बुद्धांना विष्णूचा अवतार न मानण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या लोकांच्या विहारात ते वाक्य तथागतांच्या आवाजात ऐकू आले तर समिती काय खुलासा देणार आहे?

बाबासाहेबांचा आवाज यंत्राने तयार करून त्यांच्या तोंडी नवी वाक्ये घालण्याचा प्रस्तावही काही ठिकाणी चर्चेत आहे. त्यावर इतकेच म्हणतो की हे करू नका.

लोक विहारात येतात ते तत्त्वज्ञानाचे प्रश्न घेऊनच येतात असे नाही. कर्ज, दारू, घरातली मारहाण, न येणारी झोप, जगणे नकोसे होणे, हे सगळे ‘मन शांत कसे करू?’ या एका प्रश्नाआड असते. शिबिरातून आल्यावर ध्यानात भीती वाटू लागलेल्या माणसाला यंत्र ‘हे प्रगतीचे लक्षण आहे, बसत राहा’ असे सांगू शकते, कारण ध्यानाच्या पुस्तकांत तशी वाक्ये आहेत. त्या माणसाला त्या वेळी आचार्यांशी किंवा डॉक्टरांशी बोलायला हवे असते. जीव देण्याचे विचार बोलून दाखवणाऱ्यासमोर यंत्राने दुसरे काहीही न सांगता सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दाखवावा आणि हजर असलेल्या कार्यकर्त्याला लगेच कळवावे. लोकांनी विचारलेले प्रश्न, त्यांचे आवाज कुठे साठतात, किती दिवस राहतात, कोण वाचते, हे आम्ही पाहिलेल्या एकाही माहितीपत्रकात लिहिलेले नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे आणि त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. आपल्या संस्कार वर्गांत बसतात ती मुलेच.

यंत्राचा योग्य उपयोग काय, हेही सांगतो. क्योटो विद्यापीठाने २०२१ साली जाहीर केलेला बुद्धबॉट सुरुवातीला प्राचीन ग्रंथांतली वचने शोधून उत्तरादाखल देत असे. नवे वचन रचायचे नाही, असलेले शोधून द्यायचे, हे काम यंत्र चांगले करते. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे तिपिटक देवनागरीत खुले उपलब्ध केले आहे. बाबासाहेबांच्या मूळ इंग्रजी ग्रंथाची स्वामित्व हक्काची साठ वर्षांची मुदत संपली आहे. मराठी अनुवादाचे हक्क मात्र वेगळे असतात, ते तपासून परवानगी घ्यावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच बैठकीत अभिजात दर्जा मिळाला. दोहोंना जोडणारे चांगले शोधसाधन पुण्यातच व्हावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

ते असे करा. मजकुराचे तुकडे सुत्ताप्रमाणे आणि परिच्छेदाप्रमाणे पाडा, शब्द मोजून पाडू नका. प्रत्येक तुकड्याला वक्ता जोडा: तथागत, सारिपुत्त, साति, मार, ब्राह्मण, देवता. ते मत मान्य केलेले की खोडलेले, हेही जोडा, आणि खोडलेले मत खंडनाशिवाय कधीच दाखवू नका. हे काम पाली जाणणाऱ्या माणसाचे आहे. एकट्या मज्झिम निकायात १५२ सुत्ते आहेत, तेव्हा सुरुवात तिथून आणि सुत्तनिपातापासून करा, सगळे तिपिटक एकदम घेऊ नका. अवतरणचिन्हांत येणारी प्रत्येक ओळ मूळ संचात अक्षरशः सापडते का, हे उत्तर दाखवण्यापूर्वी आज्ञावलीने तपासावे. सापडली नाही तर उत्तर अडवावे. ही तपासणी लिहायला अवघड नाही आणि बनावट वचन ओळखण्यात तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. संदर्भ देताना निकाय, सुत्ताचे नाव, आवृत्ती आणि परिच्छेद हे चारही द्या. अंगुत्तर निकायाचे सुत्तक्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, नुसता क्रमांक निरुपयोगी असतो.

मग परीक्षा घ्या. शंभर प्रश्न काढा. त्यांत वीस असे की ज्यांचे उत्तर बाजूला ठेवायचे असते, वीस चुकीच्या गृहीतकाचे, वीस अस्तित्वात नसलेल्या सुत्तांविषयीचे, दहा संकटात सापडलेल्या माणसाचे, बाकी साधे. दोघांनी एकमेकांशी न बोलता उत्तरे तपासावीत, आणि त्यांतला एक तरी पाली जाणणारा असावा. एकही बनावट वचन निघाले तर साधन लोकांपुढे आणू नये. महापरिनिब्बान सुत्तातले चार महापदेश हेच सांगतात. कोणी कितीही अधिकाराने ‘हे शास्त्याचे वचन आहे’ म्हटले तरी लगेच स्वीकारू नका, लगेच नाकारू नका, सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहा. कालाम लोकांनाही तथागतांनी ‘पिटकात आले म्हणून’ आणि ‘बोलणारा योग्य दिसतो म्हणून’ मानू नका असे सांगितले. पडद्यावरचे उत्तर एकाच वेळी पिटकातले असल्याचा आव आणते आणि योग्यही दिसते.

आमच्या मागण्या अशा आहेत.

तथागतांच्या किंवा बाबासाहेबांच्या नावाने, चित्राने, आवाजाने, प्रथमपुरुषी बोलणारे कोणतेही यंत्र विहारात लावू नये, आणि जिथे लावले असेल तिथून ते काढावे. ‘यंत्राला मन आले’ हा फलक उतरवावा. त्या विषयावर अभिधम्माचे जाणकार आणि संगणकतज्ज्ञ यांची खुली चर्चा ठेवावी, आम्ही येऊ. वर्षावासातली प्रश्नोत्तरे माणसांनीच घ्यावीत. वाचकांना उत्तर माहीत नसेल तर ‘पुढच्या रविवारी बघून सांगतो’ म्हणण्याची मुभा त्यांना असावी. यंत्र वापरायचेच असेल तर ते शोधसाधन म्हणून, वरची परीक्षा पार करून, आणि परीक्षेचे प्रश्न, उत्तरे व निकाल विहाराच्या सूचनाफलकावर लावून वापरावे. प्रश्नांची नोंद ठेवायची असल्यास तसे विचारणाऱ्याला आधी सांगावे, आणि मुलांचे प्रश्न साठवू नयेत. पडद्यासाठी आणि ॲपच्या वर्गणीसाठी दानातून किती रक्कम मंजूर झाली हे सभासदांना कळावे, आणि पाली वर्गासाठी किती झाली हेही त्याच कागदावर लिहावे.

शंभर प्रश्नांचा संच आम्ही विनामूल्य तयार करून देऊ, तपासायलाही बसू. वक्ता जोडण्याच्या कामासाठी पाली शिकणारे विद्यार्थी मिळवून देऊ. त्यांना मात्र योग्य मानधन समित्यांनी द्यावे. आषाढी पौर्णिमेपूर्वी आपल्या कार्यकारिणीने या पत्रावर चर्चा करावी आणि जो निर्णय होईल तो कारणांसह लेखी जाहीर करावा, ही विनंती.

आपले,
पाली व अभिधम्म शिकवणारे आणि संगणक क्षेत्रात काम करणारे काही पुणेकर उपासक-उपासिका